अंगठ्याच्या बाजूचं हाड

"अंगठा लाव, म्हातारे. डावा."

जिल्ह्याच्या दवाखान्यात, अपंगांचे कागद करतात त्या टेबलापुढे मी उभी होते. टेबलामागचा बाबू माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने शाईची डबी पुढे सरकवली आणि कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. माझा डावा हात पदराखाली होता. परक्यांपुढे तो कायम पदराखालीच असायचा. मी उजवा हात पुढे केला.

"डावा म्हटलं ना. ऐकू येत नाही?"

मी हलले नाही. तो टेबलावरून वाकला आणि त्याने माझा पदर बाजूला ओढला. परक्या माणसाने, भरल्या खोलीत. माझा हात उघडा पडला. कोपराखाली वीतभर. आत वाकलेला, मनगटाशी विळ्यासारखा वळलेला. चार बोटं. अंगठा नाही.

बाबू आधी दचकला. मग हसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाला, "यांच्या घरात सगळेच पाळण्यातून पडतात वाटतं."

ती बाई हसली. रांगेतलेही दोघे-तिघे हसले. त्यांच्यातल्या एकाला पाय नव्हता, तोही हसला. माझी सून खाली मान घालून उभी होती. तिच्या कडेवर माझी नात सुजाता, आमची सुजी, चौदा महिन्यांची. तिचाही डावा हात तसाच. वीतभर नव्हे, चार बोटांएवढा. पण वळण तेच.

मला सही येते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पेपर वाचते, एसटीची पाटी वाचते, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचते. हे मी त्या दिवशी बोलले नाही. उजवा अंगठा शाईत बुडवला आणि दाबला. कागदावर काय लिहिलं आहे ते पाहिलंही नाही. पदर ओढून घेतला आणि बाहेर आले.

बाबूने केलं ते केलं. पण मी सही येत असून अंगठा लावला, हे मला जास्त डाचतं.

त्याआधी डॉक्टरकडे काय झालं ते सांगते. डॉक्टर तरुण होता. हातात महागडं घड्याळ. सुजीचा केसपेपर समोर घेऊन त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाताचा नव्हता.

"आडनाव?"

सांगितलं.

"हं."

हा 'हं' मी सत्तर वर्षं ऐकत आले आहे. शाळेत ऐकला, पिठाच्या गिरणीवर ऐकला, ग्रामपंचायतीत ऐकला. त्याला शिवी म्हणता येत नाही. तक्रार करायला गेलं तर सांगायला काही नसतं.

"काय झालं हिच्या हाताला?"

"पाळण्यातून पडली, साहेब."

त्याने सुजीचा हात एकदा इकडे, एकदा तिकडे वळवला. ती रडली. हाडाचा फोटो काढायला पाठवलं नाही. म्हणाला, "पडून असं होत नाही. पोरीला चोळतं कोण? तू?"

"हाव. मीच आंघोय घालतो."

"तरीच. तुम्ही लोक लेकराला कणकेसारखं तिंबता. हाड मोडलं की पाला बांधता. मग वाकडं झालं की कागद मागायला येता."

त्याने लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कोणाचा हात असा आहे?"

मी पदर घट्ट धरला.

"नाही," मी म्हटलं.

ही सगळी गोष्ट या एका शब्दाची आहे. तो शब्द मी का बोलले, हे कळायला माझ्या मायपर्यंत जावं लागतं.

आमचं गाव धामणगाव बढ्यापासून पायी तासाभराचं. वस्ती गावाच्या कडेला. मला समजायला लागलं तेव्हापासून माय सांगायची, "तू तीन महिन्यांची होती. कापसाच्या गाडीत निजवलं होतं तुले. घरंगयली अन् चाकाखाली हात आला." मी कोणालाही हेच सांगायचे. मला ती गाडी आठवते असंही वाटायचं. चाकाचा आवाज, वंगणाचा वास. कोणाची गाडी, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरी गाडीबैल कधीच नव्हते.

शाळेत सकाळी प्रार्थना असायची. सगळ्यांनी हात जोडायचे. माझे तळवे एकमेकांना भिडत नाहीत. उजवा छातीशी येतो, डावा पोटाशी राहतो. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात मला रांगेतून बाहेर काढलं.

"तू दाराबाहेर उभी राहत जा," ते म्हणाले. "देवानंच तुला हात जोडायला दिले नाहीत. तुमचं देवाशी काय काम?"

चार वर्षं मी प्रार्थना दाराबाहेर उभी राहून ऐकली. पाऊस असला की वळचणीखाली. मुलं आतून डावा हात वाकडा करून मला दाखवायची. मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "गुरुजीले सांग, गाडीखाली आला म्हणून." मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "गाडीला बरोबर तुझाच हात सापडला." वर्ग हसला. चौथीनंतर मी गेले नाही.

लग्न जमलं तेव्हाही गाडीचीच गोष्ट पुढे केली. मायने मला बजावलं होतं, "अपघात सांगायचा. अपघात रक्तात नसतो." नवरा बिजवर मिळाला, माणूस वाईट नव्हता. त्यालाही मी मरेपर्यंत गाडीच सांगितली. आमच्याकडे सगळे असंच करतात. पोर बहिरी जन्मली तर तापात कान गेले म्हणायचं. पाय वाकडा असला तर पडली म्हणायचं. घरात दुसऱ्या पोरी असतात, त्यांची लग्नं व्हायची असतात. पाहायला आलेला माणूस अपघाताला मान हलवतो. जन्माचं म्हटलं की चहाचा कप खाली ठेवतो.

याच हाताने मी जगले. कपाशी वेचली. एका हाताने वेचायची, दुसऱ्याने ओटी धरायची. आणि लेकरं न्हाऊ घातली. वस्तीत कोणी बाळंत झालं की मला बोलावणं येतं. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं. वाकड्या हाताच्या खोबणीत बाळाची मान जशी बसते, तशी धडधाकट बाईच्या हातात बसत नाही. किती लेकरं न्हाऊ घातली याची मोजदाद नाही. एकाचंही नख दुखलं नाही. आणि तो घड्याळवाला मला म्हणाला की मी माझ्या नातीचं हाड मोडलं.

सुजी झाली ती सरकारी दवाखान्यात, तालुक्याला. नर्सबाईने तिला कपड्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि हळूच म्हणाली, "आजी, हात पाहा."

मी पाहिला. नुसता पाहिला नाही, बोटं फिरवली. बाळाच्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं लागतात. एक करंगळीच्या बाजूचं, एक अंगठ्याच्या. इतकी लेकरं चोळलेल्या बोटांना ते पाहावं लागत नाही. सुजीच्या हातात एकच लागलं. अंगठ्याच्या बाजूला नुसतं मऊ.

मला तेव्हाच समजलं. माझा हात गाडीने मोडला असेल, तर हिचा असा कसा? हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तो तिथेच दाबला.

नर्सबाई कार्ड भरत होती. मी तिचा हात धरला. "बाई, कार्डावर नोका लिहू. हिच्या वरत्या दोन बहिणी हायेत."

नर्सबाईलाही पोरीबाळी असतील. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबली, आणि 'बाळ ठीक' लिहिलं. माझ्यावर उपकार केला तिने. त्या उपकाराची फेड सुजी करते आहे.

वस्तीत बाया कुजबुजल्या, ग्रहणात सुनेने काही चिरलं असेल. सून वर्षभर ते ऐकत राहिली. विहिरीवर ऐकलं, लग्नात ऐकलं. मी शेजारीच असायचे, पदरात हात लपवून. एकदाही म्हटलं नाही, की बायांनो, तिच्याकडे काय पाहता, माझ्याकडे पाहा.

कागद घरी आला. पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्यावर 'तात्पुरता' असा शिक्का होता. पुढे सुजी अंगणवाडीत जाऊ लागली. ती तीन वर्षांची झाली तेव्हा पोरांना तपासायला गाडीतून एक डॉक्टरीणबाई आली. तिने सुजीला मांडीवर घेतलं. हात हळू वळवला, बोटं मोजली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सुनेला विचारलं, "हिचं ऑपरेशन का नाही केलं?"

"कागद हाये," सून म्हणाली.

मी घरून कागद आणून दिला. डॉक्टरीणबाईने वाचला. मग पुन्हा वाचला.

"आजी, यात काय लिहिलंय माहीत आहे?"

"नाही."

"जुनं मोडलेलं हाड. घरी चोळल्यामुळे. आणि खाली नंबर आहे, टी ब्याण्णव."

"नंबर कायचा?"

तिने मला नीट समजावलं. कोणी तोवर समजावलं नव्हतं. प्रत्येक दुखण्याला एक नंबर असतो. सगळ्या दवाखान्यांत तोच. जन्मापासून जे कमी असतं त्याचा नंबर क्यू अक्षराने सुरू होतो. अंगठ्याच्या बाजूचं हाड जन्मापासून नसलं, की क्यू एकाहत्तर पॉइंट चार. जुन्या मोडलेल्या हाडाचा वेगळा, टीचा. जन्मजात व्यंगाच्या मुलांची ऑपरेशनं सरकार करून देतं, संभाजीनगरला पाठवतं. त्यांची यादी असते. यादी करणारा माणूस पोरीचा हात पाहत नाही, नंबर पाहतो. टी दिसला की कागद बाजूला.

"आणि नंबर खोटा असला तर?" मी विचारलं.

"तर पोरगी बाजूला," ती म्हणाली. "पहिल्या-दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं असतं तर मनगट बरंच सरळ झालं असतं. तिसरं संपलं. आता थांबू नका. हा कागद दुरुस्त करून आणा, म्हणजे मला हिचं नाव पाठवता येईल."

त्या संध्याकाळी ओसरीवर बोलणं झालं. माझा लेक गवंड्याच्या हाताखाली काम करतो. तो म्हणाला, "आई, लिह्यलं ते राहू दे. जन्माचं निघालं तर वरच्या दोघींचं काय? मोठीले दोन-चार वर्सांत पाहाले येतीन लोकं."

मी त्याच्या बाजूने बोलणार होते. खरं सांगते. तोंड उघडलंच होतं.

सून चुलीपाशी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती उठून उंबऱ्यात आली.

"मोठीचे हात धड हायेत," ती म्हणाली. "तिचं लगन व्हावं म्हणून हिचा हात वाकडाच ठेवता काय? अन् आत्याबाई, तुमी त काहीच नोका बोलू. ग्रहण माह्या माथी मारलं तुमी. माहीत असून."

लेकाने माझ्याकडे पाहिलं. "काय माहीत असून?"

मी उठून पेटीतला कागद काढला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी, सून आणि सुजी जिल्ह्याला निघालो.

टेबल तेच. बाबू तोच. कागद पाहून म्हणाला, "लिहिलेलं बदलत नाही. जबाब तुझा आहे. खाली अंगठा तुझा आहे."

"हाड मोडलेलं नाही म्हणते डॉक्टरीणबाई."

"मग तिला म्हणा तूच दे कागद. इथे गर्दी करू नका."

सून म्हणाली, "साहेब, फोटू त काढा. त्या वक्ती काढलाच नाही."

बाबूला ते ऐकून राग आला, कारण ते खरं होतं. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "फोटोशिवाय कागद दिला व्हय?" तेव्हा बाबूने चिठ्ठी फाडली आणि आमच्याकडे फेकली. "जा. काढा. हौस आहे ना."

फोटोची खोली अंधारी, थंडगार. मशीन पाहून सुजीने आईच्या मानेला मिठी मारली. हात सोडेना. फोटो काढणारी बाई पोरसवदा होती, बोलणं चिखलीकडचं. तिने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं. सुजी ऐकेना.

मग मी पदर बाजूला केला. माझा डावा हात काढून मशीनखाली ठेवला.

"पाह्य सुजे, काही नाही होत. आजीचाबी असाच हाये. पाह्य."

सुजी थांबली. तिने माझा हात पाहिला. मग स्वतःचा पाहिला. समजायला लागल्यापासून तिने माझा हात असा उजेडात पाहिलाच नव्हता. एका घरात राहून.

फोटोवाली बाईही पाहत होती. म्हणाली, "आजी, हलू नका बरं. तिला खरंच काढून दाखवू." मशीन खटकन वाजलं. मग सुजी आली, माझ्या मांडीवर बसली, हात ठेवला.

थोड्या वेळाने त्या बाईने आम्हाला काचेपाशी बोलावलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक मोठा, एक छोटा. दोन्हीत एकच हाड, वाकलेलं. दुसऱ्याच्या जागी काळं.

"आजी, तुमचंपण नाही," ती म्हणाली.

"माहं मोडलं. गाडीखाली आलं. मी तीन महिन्यांची होती."

तिने मोठ्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आजी, मोडलेलं हाड कुठे जात नाही. वाकडं जुळतं, गाठ राहते, तुकडा राहतो. इथे काहीच नाही. अंगठ्याचं हाडपण नाही. ते मोडलं नाही. झालंच नव्हतं."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात बाकावर बसले. रडू आलं नाही. मायचा राग आला. मेलेल्या बाईचा इतका राग येतो हे माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात ती गाडी सत्तर वर्षं चालली. चाकाचा आवाज मी ऐकला होता. वंगणाचा वास घेतला होता. सगळं खोटं. आणि मी ते खोटं मायकडून घेऊन, जसंच्या तसं, चौदा महिन्यांच्या पोरीच्या कागदावर उतरवलं. मायजवळ निदान फोटो नव्हता. मला तर बोटांनीच समजलं होतं.

मला लाज कशाची वाटायला हवी होती आणि मी कशाची वाटून घेतली, याचा हिशोब मी त्या बाकावर बसून केला. हात माझा होता. तो कोणाचा गुन्हा नव्हता. गुन्हा 'नाही' म्हटल्याचा होता. आणि त्यांचा गुन्हा, पाहून न लिहिल्याचा.

मी उठले. दोन्ही फोटो घेतले. पदर कमरेला खोचला. दोन्ही हात उघडे.

टेबलापाशी गर्दी होती. आमच्या शेजारच्या गावचे दोघे ओळखीचे होते. सुनेने मला कोपराने खुणावलं, थांबायचं का म्हणून. मी म्हटलं, "ऐकू दे." बाबूपुढे फोटो ठेवले आणि डावा हात त्याच्या कागदांवर ठेवला.

"हे काय?" बाबू म्हणाला. "हात काढ."

"दोन वर्सांमागं तुमी माहा पदर ओढून हा हात पाह्यला. हसले. पोरीचा हात असा, आजीचा हात असा, एकाच टेबलासमोर. तुमाले इचारावं नाही वाटलं?"

"हे बघ, जबाबात तू सांगितलंस..."

"सांगतलं. पाळण्यातून पडली म्हणून सांगतलं. खोटं सांगतलं. घरात कोणाले नाही म्हटलं, तेबी खोटं. मी खोटं बोलली हे लिहा. माह्या नावानं लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. पण पोरीच्या हाताचं खरं लिहा."

आवाज ऐकून घड्याळवाला डॉक्टर आतून आला. त्याच्या मागून मोठे डॉक्टर, टक्कल असलेले, तिथले प्रमुख. घड्याळवाल्याने मला ओळखलं नाही. माझ्यासारख्या त्याने किती पाहिल्या असतील. हाताकडे पाहिलं आणि मग कागदाकडे. म्हणाला, "सर, हिनेच पडली म्हणून सांगितलं होतं."

"मी पडली म्हटलं," मी म्हटलं. "चोयून मोडली, हे मी नाही म्हटलं. ते तुमी घातलं. माहं खोटं एक होतं साहेब. तुमी त्याच्यावर दुसरं लिह्यलं, अन् त्याले नंबर देला."

खोलीत कोणी हसलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीशी धरले. त्यांनी सुजीचा हात तपासला, मग माझा. माझा हात कोणा डॉक्टरने हातात घेण्याची ती पहिली वेळ. त्यांनी घड्याळवाल्याला एवढंच विचारलं, "एक्स-रे का नव्हता काढला?" तो म्हणाला, "त्या दिवशी गर्दी होती, सर." माझी माफी कोणी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही.

बाबूने चडफडत पेन काढलं आणि जुनं लिहिलेलं गिरवून काळं करायला लागला. मोठे डॉक्टर म्हणाले, "तसं नाही. एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवीन लिहायचं, तारीख टाकायची, सही करायची."

मला ते पटलं. त्यांनी काय लिहिलं होतं ते राहू दे. वाचता येऊ दे.

'घरी चोळल्यामुळे' यावर रेघ पडली. 'तात्पुरता' वर पडली. टी ब्याण्णव वर पडली. शेजारी क्यू एकाहत्तर पॉइंट चार. मी ते अक्षर पाहून घेतलं. गोल, आणि खाली शेपटी. इंग्रजीतलं मला येणारं ते एकच अक्षर.

"आता याच्याच खाली नवीन जबाब," बाबू म्हणाला, आणि सवयीने शाईची डबी पुढे सरकवली.

"डबी ठेवा," मी म्हटलं. "कागद वाचून दाखवा. मंग सही करतो."

"तुला सही येते?"

"तव्हाबी येत होती."

त्याने वाचून दाखवलं. मी बोट ठेवून सोबत वाचलं. एका ओळीपाशी थांबवलं. 'कुटुंबात आणखी कोणास' असं छापलं होतं आणि पुढे जुनं 'नाही' तसंच राहिलं होतं. मी म्हटलं, "यावर रेघ मारा." त्याने मारली. मी पेन मागितलं. त्याने मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी वाकड्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने लिहिलं, 'आजी'. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

शेजारच्या गावचे ते दोघे पाहत होते. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सुजीला तपासलं आणि गोड बोलले नाहीत. मनगट आता पूर्ण सरळ होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. जेवढं होईल तेवढं करू, मग पहिल्या बोटाला वळवून अंगठ्याच्या जागी आणू, त्या हाताने ती वस्तू धरू शकेल. पहिलं ऑपरेशन झालं आहे. हातात लोखंडी सळई आहे, प्लास्टर आहे. रात्री ठणकतं. ती रडते तेव्हा सून तिला घेते. मी पाहते. ती दोन वर्षं अर्धी माझी आहेत आणि अर्धी त्या टेबलाची. माझी अर्धी मी कोणावर ढकलत नाही.

मोठ्या नातीच्या लग्नाचं मागच्या महिन्यात कोणी सहज विचारायला आलं होतं. लेकाने मला डोळ्याने खुणावलं, आत जा म्हणून. मी गेले नाही. पत्र्याची पेटी उघडली, कागद काढला, पाहुण्यांच्या पुढे ठेवला. म्हटलं, "वाचा. जन्माचं हाये. माह्यापासून आलं." त्यांनी कप खाली ठेवला. ठेवू दे. लेक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलू दे. मोठी नात मात्र पाहुणे गेल्यावर तो कागद घडी घालून जागेवर ठेवायला गेली, आणि ठेवण्याआधी तिने तो सगळा वाचला. रेघेखालचंसुद्धा.

वस्तीत आता बाळ झालं की मी पहिल्या आंघोळीला पुढचं-मागचं सगळं चाचपते. काही कमी लागलं तर मायबापाला तिथेच सांगते, मोठ्याने. कार्डावर लिहून घ्या म्हणते, पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत. एका घरी मला त्यासाठी परत बोलावलं नाही. मी दुसऱ्या दिवशी नर्सबाईकडे जाऊन सांगितलं. उद्याही तसंच करीन.

पदर मी कमरेला खोचते. सुजीला मी एकच गोष्ट पाठ करून घेतली आहे. शाळेत विचारतील, तेव्हा काय सांगायचं?

"पडली नाही. अशीच जन्मली. आजीसारखी."

दाराबाहेर उभं राहा म्हणाले तर?

हे उत्तर तिला अजून पाठ करायला दिलेलं नाही. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी सोबत जाणार आहे. प्रार्थना होईपर्यंत तिच्या शेजारी, रांगेत उभी राहणार आहे. आतल्या बाजूला.